आधी पोथ्या जुळवा, मग यंत्र लावा

महानुभावांच्या लीळाचरित्राची पोथी वाचताना एक गंमत दिसते. चक्रधरस्वामींची एखादी गोष्ट रंगात आलेली असते आणि मध्येच लेखक थांबून नोंद करतो, की हीच गोष्ट अमक्या शिष्याच्या आठवणीत जरा निराळी आहे. ती निराळी गोष्टही तिथंच लिहून ठेवलेली असते. अशा नोंदीला पंथाच्या परिभाषेत ‘वासना’ म्हणतात. खरं काय ते ठरवण्याची घाई नाही आणि दुसऱ्याची आठवण खोडण्याचा अट्टहासही नाही.

ही पद्धत गरजेतून आली. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून तेराव्या शतकाच्या अखेरीस हे चरित्र सिद्ध केलं. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गहाळ झाली, असं पंथाची परंपरा सांगते. मग ज्याला जेवढं पाठ होतं, त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. पाठ म्हणणारे अनेक, म्हणून पाठही अनेक. हिराइसा या महानुभाव स्त्रीच्या पाठांतराला त्यात मोठा मान. यातल्या बऱ्याच लीळा गोदावरीच्या खोऱ्यात घडतात. चक्रधरांचा मुक्काम झालेलं डोमेग्राम म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातलं कमालपूर. महानुभावांची तिथं आजही ये-जा असते.

जिल्ह्याचं अहमदनगर हे नाव बदललं तरी लोकांच्या बोलण्यात अजून ‘नगर’च आहे. त्याच नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासं आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली. म्हाइंभटांचं लेखन आणि ज्ञानेश्वरांचं निरूपण यांच्यात फार तर दहा-पंधरा वर्षांचं अंतर असेल. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आणि पहिला मोठा काव्यग्रंथ एकाच खोऱ्यात, एकाच पिढीत का जन्मावा? धर्माची चर्चा संस्कृत सोडून बाजारहाटाच्या भाषेत नेमकी तेव्हाच का उतरली? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचं २०१६ साली आलेलं ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ हे पुस्तक लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून याच प्रश्नांचा माग काढतं.

अशा अभ्यासाला विचारांचा इतिहास म्हणतात. राजे, लढाया, तह हा त्याचा मुख्य विषय नसतो. एखादी कल्पना कुणाला सुचली, कोणत्या गावातून कोणत्या गावात गेली, वाटेत तिचा अर्थ किती बदलला आणि ती कुणाच्या तोंडी रुजली, हे त्यात शोधतात. गेल्या काही दशकांत याला संगणकाची जोड मिळाली. हजारो पानांचा मजकूर एकदम चाळणं, प्रतींमधले फरक यंत्राकडून काढून घेणं, पत्रव्यवहाराचे नकाशे करणं, या कामांना मिळून डिजिटल मानव्यविद्या असं भारदस्त नाव पडलं. दोन्ही येणारी माणसं जगभरच्या विद्यापीठांना हवी आहेत. ही जात नवी आहे असं मात्र मराठी वाचकानं समजू नये.

ज्ञानेश्वरीचंच बघा. तीनशे वर्षांत हाताहाती नकला होत गेल्या, तशी तिच्यात इतकी भर आणि भेसळ झाली, की पैठणच्या एकनाथांना प्रती जमवून शुद्ध पाठ ठरवायला बसावं लागलं. ते काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पुरं झालं. ग्रंथात आपली ओवी घुसडणाऱ्यांना त्यांनी शेवटी कडक ताकीदही देऊन ठेवली. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ साली, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही मांडलं. मग जुनं कोणतं आणि अस्सल कोणतं, यावर मराठी विद्वानांची जुंपली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, त्यातल्या प्रत्येकीचे पाठभेद आणि प्रत्येक पाठभेदाची वंशावळ. काम यंत्राला साजेसं होतं, पण यंत्र नव्हतं.

यंत्राशिवाय हे काम कुठवर नेता येतं, ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं दाखवलं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथं १९१९ साली सुरू झालं. १९२५ मध्ये सूत्रं विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. सुकथनकर मूळचे गणिताचे. केंब्रिजला गणित करून ते बर्लिनला गेले आणि हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्रात तयार झाले. गणिती माणसाच्या हातात महाकाव्य आलं की काय होतं, ते भांडारकरच्या पाठनोंदीच्या तक्त्यांत दिसतं. कागदावर चौकटी आखलेल्या असत. माथ्यावर प्रचलित श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका पोथीची एकेक ओळ. पोथीतलं अक्षर माथ्यावरच्या अक्षरापेक्षा वेगळं असेल, तर तेवढंच त्या चौकटीत भरायचं. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या या एकाच जाळीवर उतरवल्या गेल्या. आदिपर्वासाठी साठ पोथ्या वापरल्या. शांतिनिकेतन आणि तंजावर इथंही पोथ्या ताडून पाहणारे बसले होते. आज संगणकावर जो तक्ता चुटकीसरशी उघडतो, त्याचा हा शाईचा पूर्वज.

सुकथनकर १९४३ च्या जानेवारीत गेले, काम पुरं व्हायला १९६६ उजाडलं. पुढची गोष्ट जपानमधली. क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी ही अख्खी आवृत्ती संगणकात टंकित करवली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून, सुधारून सर्वांना खुली केली. आज एखाद्या विद्यार्थ्याला महाभारतात अमुक कल्पना कुठं कुठं येते ते मिनिटभरात सापडतं. त्याच्या त्या मिनिटामागे पुण्यातल्या माणसांची सत्तेचाळीस वर्षं आहेत. यंत्राला आयता मिळालेला पाठ कुणीतरी आधी सिद्ध करून ठेवला होता, हे डिजिटलच्या उत्साहात पहिल्यांदा विसरलं जातं.

याच पठडीतलं दुसरं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं. हे गृहस्थ एका चौकटीत मावत नाहीत. १९०७ साली गोव्यात जन्म, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी, मग फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पुण्यात राहून डेक्कन क्वीननं ते मुंबईला जात-येत. जनुकांमधली अंतरं मोजायचं त्यांचं १९४४ सालचं सूत्र जीवशास्त्राच्या पुस्तकांत त्यांच्याच नावानं शिकवलं जातं. संख्याशास्त्र शिकायचं, तर खरा प्रश्न हाताशी हवा, म्हणून त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तोलायला घेतली.

त्यामागचा तर्क कुठल्याही किराणा दुकानदाराला पटेल असा आहे. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. फार फिरलेलं नाणं हलकं, कमी फिरलेलं जड. एकाच वजनाची म्हणून पाडलेली नाणी जितकी जुनी होत जातात, तितका त्यांच्या वजनातला फरकही वाढतो. नाण्यांच्या मागल्या बाजूला वेळोवेळी परखताना मारलेल्या बारीक खुणा असतात. खुणा जास्त, तर वजन कमी, असा मेळ कोसंबींना तक्षशिलेच्या साठ्यांत सापडला. त्यावरून ज्या नाण्यांवर राजाचं नावही नाही, त्यांचा मागचा-पुढचा क्रम लावता आला. संशयी माणसांसाठी त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही हजारोंनी तोलली. अचूक तराजू आणि कमालीचा चिवटपणा एवढीच सामग्री.

पोथ्यांकडेही ते याच नजरेनं वळले. भर्तृहरीच्या शतककाव्यांच्या शेकडो प्रती देशभर विखुरलेल्या, आणि कुठल्याच दोन प्रतींतले श्लोक पुरते जुळत नाहीत. कोसंबींनी १९४८ साली काढलेल्या आवृत्तीत सगळ्या प्रतींतून आलेले साडेआठशेवर श्लोक आहेत. ते त्यांनी तीन गटांत लावले. जवळजवळ सगळीकडे सापडतात असे दोनशे, बऱ्याच ठिकाणी सापडतात असे दीडशेच्या घरात आणि इकडून तिकडून आलेले पाचशे. म्हणजे भर्तृहरी म्हणून जे लोक पिढ्यान् पिढ्या घोकत आले, त्यातलं निम्म्याहून अधिक इतरांनी त्याच्या पदरात टाकलेलं असावं. एवढं मोजून झाल्यावर कोसंबी इतिहासकाराच्या भूमिकेत शिरतात: हा कवी कोणत्या वर्गातला, त्याचं वैराग्य कुठून आलं आणि ते टिकवून धरणारा वाचक कोण? मोजणी आणि अर्थ एकाच माणसानं केल्याचा फायदा इथं दिसतो. त्यांचे वर्गीय निष्कर्ष सर्वांना पटले नाहीत, आजही पटत नाहीत. श्लोकांची विभागणी मात्र अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिली.

कोसंबी भर्तृहरीच्या प्रती जुळवत होते, त्याच सुमारास इटलीतल्या रॉबेर्तो बुसा नावाच्या जेझुइट पाद्र्यानं आयबीएमचं दार ठोठावलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या लॅटिन लेखनातला शब्द न् शब्द त्याला सूचीत हवा होता. छिद्रांकित कार्डांवर तो मजकूर चढवायला तरुण मुली बसवल्या. डिजिटल मानव्यविद्येचा आरंभ जगभर १९४९ च्या याच प्रसंगापासून धरतात. अक्वायनस आणि ज्ञानेश्वर एकाच शतकातले. पहिल्याच्या वाट्याला यंत्र आलं ते पंचाहत्तर वर्षांपूर्वी.

आपल्याकडे याचा सर्वांत भरीव नमुना कोलकात्यात आहे. जादवपूर विद्यापीठात सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१३ साली ‘बिचित्रा’ उभं राहिलं. रवींद्रनाथांची हस्तलिखितं, छापील आवृत्त्या आणि त्यांच्यातले फरक असं सगळं त्यात एका जागी पाहता येतं. एका कवितेचे चार खर्डे शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते दाखवणाऱ्या तिथल्या आज्ञावलीचं नावच ‘प्रभेद’. चौधुरी स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक, युरोपीय प्रबोधनकाळाचे जाणकार. हयात ग्रंथसंपादनात गेली, म्हणून संगणकाला काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. ज्ञानेश्वरीला असा ‘प्रभेद’ लाभला तर एकनाथांची प्रत, राजवाड्यांची प्रत आणि इतर पोथ्या ओवीगणिक समोरासमोर येतील. शंभर वर्षांचे वाद निदान एका पडद्यावर तरी भांडतील.

मराठीत पायाभूत काम अजिबात झालेलं नाही असं नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोश हे सगळे शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं संगणकावर शोधता येतात. राज्य मराठी विकास संस्थेनं दोलामुद्रितं, म्हणजे मराठी छपाईच्या बाल्यावस्थेतली पुस्तकं, सर्वांसाठी खुली केली आहेत. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. अडचण पुढे आहे. बहुतेक जुनी पानं संगणकावर चित्ररूपानं आहेत. माणूस ती वाचू शकतो, यंत्राला ती नुसते काळे ठिपके वाटतात.

चित्रातून अक्षरं उचलणारी साधनं आता मराठीसाठीही आहेत, आणि आजच्या छपाईवर ती ठीक चालतात. एकोणिसाव्या शतकातलं पान आलं की त्यांची त्रेधा उडते. शाई फुटलेली, कागद पिवळा पडलेला, घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत. ते निस्तरलं तरी लेखनाचा प्रश्न उरतो. तेव्हाचे छापखाने ‘म्हणजे’ असं न छापता ‘ह्मणजे’ छापत, ‘आम्ही’ऐवजी ‘आह्मी’. ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी घालवले, तोवर ते जागोजाग होते. आजच्या सवयीनं ‘आम्ही’ टंकून शोध घेतला, तर शतकभराचं लेखन हाती लागतच नाही आणि आपण खुशाल समजतो की तेव्हा कुणी ‘आम्ही’ म्हणतच नव्हतं. हे ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच यंत्राकडून नीट उत्तर काढता येतं.

अशा शोधाला नगरमधलंच एक सुपीक रान आहे. अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरमध्ये सुरू झालं. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू. पण त्याच्या पानांत शाळा, जात, स्त्रियांची स्थिती, विज्ञान यांवरचे वाद खच्चून भरलेले आहेत. एकच धागा धरून बघण्यासारखा आहे. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३९ पासून नगरला होत्या आणि मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुले एका मित्राकडे नगरला आले असता त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. तिथून पुण्याला परतून १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे आणि १८५३ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये ते छापून आलं. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षणही फरारबाईंकडे नगरला झालं, असं त्यांची चरित्रं सांगतात.

आता धागा उलटा वळतो. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिते आणि तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत ‘ज्ञानोदय’मध्येच छापून येतो. धर्मग्रंथ वाचण्याची आम्हाला मनाई असेल, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल ती देवालाच विचारते. आमच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हेही ऐकवते. इंग्रजी वाचकांपर्यंत हा निबंध पोचला तो १९९१ साली, सूसी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्री-लेखनाच्या संग्रहातून. नगरची शाळा, पुण्याची शाळा, नगरला सुरू झालेलं नियतकालिक आणि एक मुलगी, असा एका कल्पनेचा प्रवास इथं अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत दिसतो. अशा आणखी किती चिठ्ठ्या, पत्रं, बिनसहीचे मजकूर त्या फायलींत असतील? सगळी वर्षं शोधता येण्याजोग्या मजकुरात उतरली तर ते कळेल. मोजताना भान मात्र हवं. मिशनऱ्यांच्या पत्रात काय छापायचं ते मिशनरी ठरवत. एखादा विषय तिथं वारंवार आला म्हणजे तो समाजात तेवढा गाजत होता, असं म्हणता येणार नाही.

या वाटेनं जाणाऱ्या तरुणाला आज काय काय यावं लागतं? जुनी मराठी, मोडी, थोडी फारसी, शक्यतो संस्कृत. त्याखेरीज पायथनसारखी संगणकभाषा आणि मजकुरावर खुणा करण्याची टीईआय ही पद्धत. १९८७ पासून जगभरच्या अभ्यासकांनी मिळून ती घडवत आणली आहे, आणि पाठभेदांसाठी तिच्यात स्वतंत्र खुणा आहेत. हा पाठ कुणाचा, तो कोणत्या प्रतीतला, याची नोंद जागच्या जागी करायची. म्हाइंभटांच्या वारसदारांना ही पद्धत समजावून सांगायला फार वेळ लागला नसता. प्राची देशपांडे यांनी ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ या २०२३ च्या पुस्तकात मोडीचा आणि कारकुनी लेखनव्यवहाराचा इतिहास मांडला. तो वाचला की कागद लिहिणारा, त्याची नक्कल करणारा आणि तो जपून ठेवणारा हे सगळे इतिहासाचे भागीदार आहेत हे ध्यानात येतं, आणि संगणकावर मजकूर चढवणारा आजचा अभ्यासकही त्याच रांगेत उभा दिसतो.

नोकरीचं गणित मात्र बिकट आहे. जागा निघते ती इतिहासाची, मराठीची नाही तर संगणकशास्त्राची. पाच वर्षं खपून पोथीची डिजिटल आवृत्ती करणाऱ्याला तिन्हीकडे अर्धाच विद्वान समजतात. पुस्तक छापलं तर बढतीला धरतात, हजारो पानं शोधण्याजोगी करून दिली तर ती ‘तांत्रिक मदत’ ठरते. भांडारकरमध्ये पोथ्या ताडणाऱ्यांनाही मोठ्या नावांच्या सावलीतच राहावं लागलं होतं.

आणि विषयांना तोटा नाही. खुद्द नगरच्या किल्ल्यातच एक पडलेला आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तिथं डांबले गेले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात नेहरूंनी तिथंच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली उर्दू पत्रं तिथलीच. पट्टाभि सीतारामय्यांचं ‘फेदर्स अँड स्टोन्स’ तिथलंच. आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ‘अभिधर्मकोश’वर काम करत होते. आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचा उपयोग झाला, असं नेहरूंनी प्रस्तावनेत नोंदवलं आहे. नेहरूंचं पुस्तक १९४६ मध्ये बाहेर पडताच त्याचं खरपूस परीक्षण लिहिणाऱ्यांत कोसंबी होते. भारतातला भांडवलदार वर्ग वयात आला, अशा अर्थाचं शीर्षक देऊन त्यांनी ते अमेरिकेतल्या एका मार्क्सवादी त्रैमासिकात छापलं.

एका तटबंदीच्या आत, त्याच तीन वर्षांत, इंग्रजी, उर्दू आणि हिंदीत भारताच्या भूतकाळाबद्दल विचार चालला होता. कोणता दाखला आधी कुणाच्या लेखनात आला, कोणतं पुस्तक कुणाकडून कुणाकडे गेलं, कोणत्या मुद्द्यावर दोघांनी एकमेकांचं नाव न घेता वाद घातला, हे सगळं मजकूर शेजारी लावून तपासता येण्यासारखं आहे. इंग्रजी भाग सोपा आहे, नागरीही जमेल. उर्दूची नस्तालीक लिपी अक्षरं तिरपी उतरवत एकमेकांत गुंतवते, आणि तिथं अक्षर-ओळख करणारी साधनं अजून अडखळतात. तेव्हा ते खंड आधी कुणीतरी बसून, ओळीवर बोट ठेवून वाचावे आणि टंकावे लागतील.